वॉर्डात ज्याच्याकडे वेळ असतो

मेडिकलची पहिली वर्षं परदेशात काढणं वेगळं आणि तिथल्याच हॉस्पिटलच्या वॉर्डात जाऊन उभं राहणं वेगळं. लेक्चर हॉलमध्ये परकेपणा झाकला जातो. अ‍ॅनाटॉमी सगळीकडे तीच, ब्रेकियल प्लेक्ससच्या, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याच्या, फांद्या देश बदलला म्हणून बदलत नाहीत, पेपरात योग्य पर्यायावर खूण करायची असली की आपला उच्चार कसा आहे हे कोणी विचारत नाही, आणि जागून पाठांतर करायची सवय असली की कुठेही पास होता येतं. क्लिनिकल रोटेशन, म्हणजे एकेका विभागाच्या वॉर्डात आळीपाळीने शिकणं, सुरू झालं की हे सगळं एका दिवसात संपतं, कारण आता समोर माणूस असतो, तो आजारी असतो, घाबरलेला असतो, रात्रभर त्याला झोप लागलेली नसते, आणि पलंगापाशी येऊन त्याच्याच भाषेत जरा अडखळत बोलणारी ही मुलगी नक्की कोण हे त्याला कळत नसतं.

माझं पहिलं रोटेशन मेडिसिनचं होतं. सुरुवातीच्या दिवसांत सगळ्यात जास्त जाणवलं ते हे की वॉर्डात प्रत्येकाला काम असतं आणि आपल्याला नसतं. नर्स औषधं देत असते, कोणी बीपी घेतंय, कोणी रक्त काढतंय, रेसिडेंट, म्हणजे वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर, फोन खांद्यात धरून डिस्चार्ज टाइप करतोय, फिजिओथेरपिस्ट कोणाला तरी धरून चार पावलं चालवतेय, फरशी पुसणाऱ्या बाईंनासुद्धा कुठला पलंग आधी आणि कुठला नंतर हे पक्कं माहीत असतं. आणि आपण भिंतीला पाठ लावून उभे. ग्लोव्ह्जचे बॉक्स कुठे, कुठल्या कपाटाला कोड आहे, राउंडला कन्सल्टंटच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं, काहीच माहीत नसतं. पुस्तकात शिकवलंय की रुग्णाच्या उजव्या बाजूने तपासायचं, पण उजव्या बाजूला सलाईनचा स्टँड असतो, नातेवाईक बसलेला असतो, आणि आपल्या पुढे अजून पाच जण असतात. सकाळच्या हँडओव्हरमध्ये, म्हणजे रात्रपाळी दिवसपाळीकडे रुग्ण सोपवते तेव्हा, प्रत्येक आजाराचं तीन अक्षरी लघुरूप कानावरून जातं, ती लघुरूपं कुठल्याच पुस्तकात एका जागी मिळत नाहीत, आणि एकाच लघुरूपाचा हार्टच्या वॉर्डात एक अर्थ आणि शेजारच्या वॉर्डात दुसरा.

याच्यावर उपाय म्हणून सीनियर सांगतात की वेग वाढव. लवकर ये, राउंडच्या आधी आपल्या पेशंटचे रिपोर्ट बघून ठेव, प्रेझेंटेशन तीन मिनिटांत संपव, फाईलमध्ये मुद्द्याचं तेवढंच लिही. सगळं खरं आहे आणि सगळं शिकायलाच लागतं, मीही शिकतेय. पण मला हळूहळू दुसरंच काहीतरी दिसायला लागलं. या अख्ख्या वॉर्डात ज्याच्याकडे वेळ आहे असा माणूस एकच, तो म्हणजे विद्यार्थी. आणि परदेशातून आलेल्या विद्यार्थ्याकडे वेळेबरोबर अजून एक गोष्ट असते, ती मी खाली सांगते.

एक आजोबा होते. दम लागतो म्हणून रात्री इमर्जन्सीतून वर आले होते, पायावर सूज, छातीत खाली दोन्हीकडे क्रेप्स, म्हणजे श्वासाबरोबर येणारे चरचर आवाज, एक्सरेवर हार्ट मोठं, म्हणजे हार्ट फेल्युअरची, हृदय रक्त पुरेसं पुढे ढकलत नसल्याची, अगदी सरळ केस. फाईलवर लिहिलं होतं, दम दोन दिवसांपासून. मला केस घ्यायला सांगितली. आता त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, कवळी काढून ठेवलेली, आणि बोलणं त्यांच्या भागातलं, शब्द गिळणारं. आम्ही वर्गात शिकलो ती भाषा वृत्तनिवेदकाची असते. मला निम्मं कळलं. मग मी खुर्ची ओढून बसले, सांगितलं की मी विद्यार्थिनी आहे, बाहेरच्या देशातून आलेय, तुम्ही हळू बोललात तर मला सगळं नीट कळेल, आणि मला घाई नाहीये.

त्यांनी परत पहिल्यापासून सांगितलं, आणि हे दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यासारखं नव्हतंच. पहिल्या वेळी माणूस तेवढंच सांगतो जेवढं त्याला वाटतं की डॉक्टरला हवंय. दुसऱ्या वेळी, समोरचीला समजत नाहीये आणि तिला मनापासून समजून घ्यायचंय हे दिसलं की तो शेजारच्या गोष्टीही सांगायला लागतो. दोन दिवस नव्हतेच ते. महिनाभर ते पलंगावर आडवे झोपलेच नव्हते, खुर्चीत बसून झोपत होते. आडवं झालं की दम लागतो हे हार्ट फेल्युअरचं पुस्तकी लक्षण, पण त्यांनी ते दम म्हणून मोजलंच नव्हतं कारण त्यांच्या मते बसून झोपलं की त्रास नव्हता. मग विचारलं की आधी काही गोळ्या चालू होत्या का. होत्या, लघवीची गोळी होती, ती त्यांनी आपणहून बंद केली होती. का, तर बायको अंथरुणाला खिळलेली, तिला उठवणं बसवणं सगळं हेच करायचे, आणि गोळी घेतली की दर थोड्या वेळाने बाथरूमला पळायला लागायचं, तेवढ्यात ती पडली तर. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

ही लघवीची गोळी म्हणजे फ्युरोसेमाइड, ती पोटात गेली की साधारण तासाभरात काम सुरू करते आणि सहा-एक तासांत तिचा जोर ओसरतो. हे मी फार्माकॉलॉजीच्या पेपरात लिहिलं होतं, मार्क मिळवले होते. पण याचा अर्थ असा होतो की कोणी घरी मदतीला येणार असेल त्या वेळेच्या हिशेबाने गोळीची वेळ ठरवता येते, हे मला त्या खुर्चीवर बसल्यावर कळलं. मी रेसिडेंटला सांगितलं, त्याने फाईलमध्ये बदल केला, सोशल वर्करला बोलावलं, शेजारी सकाळी येऊ शकतात असं निघालं, गोळी सकाळची ठरली. उपचार आधीपासून बरोबरच चालू होते, माझ्यामुळे काही त्यांचा जीव वाचला वगैरे नाही. पण ते घरी गेले तेव्हा ती गोळी परत बंद होण्याचं कारण उरलं नव्हतं. कुठल्याही ब्लड टेस्टमध्ये हे कारण आलं नसतं.

ही एखाद्या भावुक मुलीची समजूत आहे असं कोणाला वाटेल म्हणून दोन जुने अभ्यास सांगते, मला ते तेव्हापासून पाठ झालेत. १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये मेडिसिनच्या ओपीडीत नव्याने आलेल्या ८० रुग्णांवर एक साधा प्रयोग झाला. फॅमिली डॉक्टरचं पत्र वाचून आणि हिस्टरी, म्हणजे रुग्णाच्या तोंडून आजाराची हकीकत, घेऊन काय निदान वाटतं ते लिहायचं, मग तपासून लिहायचं, मग सगळ्या टेस्ट झाल्यावर लिहायचं. ८० पैकी ६६ जणांत नुसत्या हिस्टरीवर लिहिलेलं निदानच शेवटपर्यंत टिकलं. तपासणीने बदललं ते ७ जणांत आणि टेस्टमुळे ७ जणांत. आणि दुसरा अभ्यास १९८४ चा, अमेरिकेतला, ७४ भेटी टेप केलेल्या. रुग्ण काय होतंय ते सांगायला लागला की डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला मध्ये तोडत होते, आणि आपलं म्हणणं पूर्ण करता आलं ते फक्त २३ टक्के भेटींत. हे दोन्ही आकडे एकाशेजारी एक ठेवून बघा. निदान ज्यात आहे तेच आपण १८ सेकंदांत थांबवतो. डॉक्टर दुष्ट असतात म्हणून हे होत नाही, बाहेर वीस जण थांबलेले असतात म्हणून होतं, आणि म्हणूनच मी म्हणते की ज्याच्याकडे वेळ आहे त्याने तो वेळ भिंतीला टेकून वाया घालवू नये.

बसण्याचंही तसंच. कॅन्ससमध्ये मणक्याच्या ऑपरेशननंतरच्या रुग्णांवर एक छोटा अभ्यास झाला होता, त्यात सर्जन राउंडला आला की काही जणांपाशी उभा राहायचा आणि काही जणांपाशी बसायचा. बसला तेव्हा तो खरं तर मिनिटभराच्या थोडा वरच थांबला होता, पण रुग्णांना वाटलं पाच मिनिटं थांबला. उभा राहिला तेव्हा त्याहून जास्त वेळ थांबूनही रुग्णांना कमी वाटला. आमच्या वॉर्डात खुर्च्या कोपऱ्यात एकावर एक रचून ठेवलेल्या असतात, मी आता आत शिरल्या शिरल्या एक काढून घेते.

आता ती दुसरी गोष्ट, जी परदेशी विद्यार्थ्याकडे असते. रुग्ण हासुद्धा परक्या ठिकाणी आलेला माणूस असतो. तो याच शहरात जन्मला असेल, इथलीच भाषा बोलत असेल, तरी हॉस्पिटलच्या दारातून आत आला की त्याचे कपडे काढून घेतात, मागून उघडा गाऊन देतात, हातावर नावाची पट्टी बांधतात, कधी झोपायचं कधी उठायचं हे दुसरं कोणी ठरवतं, आणि त्याच्या डोक्याशी उभं राहून पाच-सहा जण त्याच्याचबद्दल त्याला न समजणाऱ्या भाषेत बोलतात. त्याला विचारायचं असतं पण आपला प्रश्न मूर्खपणाचा ठरेल की काय अशी भीती वाटते. मान डोलावतो, कळलं म्हणतो, आणि सगळे गेले की शेजारच्या पलंगावरच्याला विचारतो, काय म्हणाले हो. हे सगळं आम्ही बाहेरून आलेली मुलं स्वतः करून बसलेली असतो. व्हिसाच्या ऑफिसात केलंय, बँकेत केलंय, पहिल्या सेमिस्टरला प्रत्येक लेक्चरनंतर केलंय. न कळता मान डोलावणारा चेहरा मला लांबून ओळखू येतो. जे इथेच वाढले त्या माझ्या हुशार मित्रमैत्रिणींना तो तितक्या पटकन दिसत नाही, यात त्यांचा दोष काहीच नाही, त्यांच्यावर ती वेळच आलेली नाही.

म्हणून मी एक सवय लावून घेतली. दुपारी राउंडची गडबड संपली की माझ्याकडे दिलेल्या रुग्णांपाशी परत जायचं आणि विचारायचं की सकाळी डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही मला तुमच्या शब्दांत सांगाल का. कळलं का असं विचारायचं नाही, त्याला सगळे हो म्हणतात. तुमच्या शब्दांत सांगा म्हटलं की खरं बाहेर येतं. एका बाईंना वाटत होतं की बायोप्सी करायची म्हणजे कॅन्सर आहे हे ठरलंच आहे, आता फक्त किती दिवस राहिले ते बघणार आहेत. सकाळपासून त्या हे घेऊन बसल्या होत्या. मला त्यांना उत्तर देण्याचा अधिकार नाही, विद्यार्थ्याने निदान किंवा रिपोर्ट सांगायचे नसतात आणि हा नियम योग्यच आहे, अर्धवट माहितीने भीती दुप्पट होते. पण जाऊन रेसिडेंटला सांगता येतं की त्या अमुक समजून बसल्यात, तुम्ही एकदा बोलाल का. तो गेला, पाच मिनिटं बोलला. निदान काहीही येवो, एक दुपार तरी त्या बाईंची कमी भीतीत गेली.

ही सवय मला लागली त्याला अजून एक कारण आहे. मी इकडे असताना तिकडे आजी ॲडमिट झाली. आईचा फोन आला तेव्हा इथे मध्यरात्र होती. मी विचारत होते क्रिएटिनिन किती आहे, युरिन आउटपुट किती, अँटिबायोटिक कुठलं दिलंय, आणि आई म्हणाली, "डॉक्टर येऊन गेले गं, काहीतरी म्हणाले, घाईत होते, मी परत कसं विचारायचं?" मग थोडं थांबून म्हणाली, "तू असतीस तर विचारलं असतंस." मी म्हटलं, "आई, उद्या एका कागदावर तीन प्रश्न लिहून ठेव आणि ते आले की कागदच पुढे कर." तिने केलं, डॉक्टरांनी नीट उत्तरं दिली, आजी बरी होऊन घरी आली. पण ती रात्र माझ्या लक्षात राहिली आहे, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मी इथे कोणाच्या तरी आजीच्या पलंगाशी उभी होते, आणि तिची मुलगी तशीच हातात पर्स घट्ट धरून, विचारू की नको अशा चेहऱ्याने उभी होती.

सगळेच रुग्ण आम्हाला जवळ करतात असं नाही. कोणी नाही म्हणतं. तुमच्याकडून तपासून घ्यायचं नाही, दुसऱ्या कोणाला पाठवा. कधी दमलेले असतात, सकाळपासून चौथा विद्यार्थी छातीवर स्टेथो ठेवायला आलेला असतो, विशेषतः मर्मर, म्हणजे हृदयातला जादाचा आवाज, चांगला ऐकू येणारा रुग्ण असला की अख्खी बॅच त्याच्यापाशी रांग लावते. आणि कधी आमच्या नावाकडे आणि रंगाकडे बघून नाही म्हणतात, ते कळतं, ते सांगावं लागत नाही. लागतं मनाला. मी यावर बराच विचार केला आणि माझं मत असं झालं की नकार कुठल्याही कारणाने असो, तो त्यांचा आहे, शरीर त्यांचं आहे, कारण द्यायला ते बांधील नाहीत, आणि मी थँक यू म्हणून बाहेर यायचं. पण बाहेर आल्यावर कोणीतरी शिकवणाऱ्याने माझ्याशी दोन शब्द बोलणं हेही तितकंच गरजेचं आहे. आमच्या वॉर्डातल्या एक वयस्क नर्स हे न सांगता करायच्या. नुसतं म्हणायच्या, चल, माझ्याबरोबर ड्रेसिंगला ये.

परदेशी विद्यार्थ्याच्या हाताबद्दलचा संशय नवा नाही, आणि हे मला सेमेलवाइस या एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरबद्दल वाचताना कळलं. त्याची गोष्ट आपण सगळे हात धुण्याच्या धड्यात ऐकतो, पण त्यातला एक तुकडा कोणी सांगत नाही. व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलमध्ये बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि मेडिकलचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी शिकायच्या. १८४६ मध्ये पहिल्या विभागात बाळंतज्वराने दगावणाऱ्या बायका शंभरात ११ च्या आसपास होत्या आणि दुसऱ्यात ३ च्याही खाली. बायका रडून गयावया करायच्या की आम्हाला पहिल्यात नेऊ नका. चौकशीला कमिशन नेमलं, आणि कमिशनने काय ठरवलं, तर विद्यार्थी, त्यातही परदेशी विद्यार्थी, तपासताना धसमुसळेपणा करतात, म्हणून बायकांना इजा होते. विद्यार्थ्यांची संख्या ४२ वरून २० वर आणली, परदेशी जवळजवळ सगळे बंद केले, तपासण्याही कमी केल्या. काही महिने मृत्यू खरंच घटले. आणि मग १८४७ च्या एप्रिलमध्ये त्याच विभागात ५७ बायका गेल्या.

त्याच वसंतात सेमेलवाइसचा मित्र कोलेट्श्का वारला. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याच्या सुरीने त्याच्या बोटाला जखम झाली होती, आणि त्याच्या शरीरात जे सापडलं ते बाळंतज्वराने गेलेल्या बायकांच्या शरीरात सापडायचं तसंच होतं. सेमेलवाइसला धागा मिळाला. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करून तेच हात घेऊन प्रसूतीच्या खोलीत जात होते, सुईणी शवविच्छेदन करत नव्हत्या. मे १८४७ पासून त्याने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं आणि १८४८ मध्ये दोन्ही विभागांतलं प्रमाण शंभरात दीडच्याही खाली, जवळपास सारखं झालं. तो स्वतः हंगेरीहून आलेला, व्हिएन्नात बाहेरचाच. कमिशन परदेशी हात मोजत बसलं तेव्हा दोष सगळ्याच हातांवर होता, प्रोफेसरांच्यासुद्धा. मला हे वाचून राग आला आणि बरंही वाटलं. आता रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर, निर्जंतुक कामाआधी, शरीरातल्या द्रवांशी संबंध आल्यावर, आणि रुग्णाच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लागल्यावर अशा ज्या ५ वेळा आम्हाला घोटून घेतात, त्या प्रत्येक वेळी सॅनिटायझर चोळताना मला त्या बायका आठवतात. ज्यांच्यावर आम्ही शिकतो त्यांचं आम्ही काहीतरी देणं लागतो, आणि ते देण्याची सुरुवात इथून होते.

आणि नुसतं वॉर्डाच्या आत उभं राहता येणं, हेही कोणाला कोणाला लढून मिळवावं लागलंय. १८६९ च्या नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या मुली पहिल्यांदा पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलच्या क्लिनिकला गेल्या तेव्हा तिथल्या पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली होती. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये गेल्या त्या याच कॉलेजात. लंडनमध्ये मुलींसाठी मेडिकल स्कूल १८७४ मध्ये निघालं, पण रुग्णालयच मिळेना, शेवटी १८७७ मध्ये रॉयल फ्री हॉस्पिटलने दार उघडलं, आणि म्हणून पुढे रखमाबाई त्या स्कूलमधून डॉक्टर होऊ शकल्या. आनंदीबाईंचा १८८५ सालचा एक फोटो तुम्ही पाहिला असेल, त्यांच्याबरोबर जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या वेशात. त्या फोटोत मला नेहमी त्यांचे हात बघावेसे वाटतात. या तिघींनी कुठल्या पलंगापाशी उभं राहून, कोणत्या रुग्णाची हिस्टरी घेतली असेल, त्या रुग्णाने त्यांना काय विचारलं असेल, कोणी नाही म्हटलं असेल का, याची कुठे नोंद नाही. मला ती नोंद वाचायला फार आवडली असती.

तपासणीबद्दल थोडं. छातीवर बोटांनी ठोकून आवाज ऐकायचा, हे ऑएनब्रुगरने १७६१ मध्ये लिहिलं, आणि स्टेथोस्कोप लेनेकने पॅरिसमध्ये १८१६ मध्ये कागदाची सुरळी करून सुरू केला. आमच्याकडे आता पलंगाशेजारी अल्ट्रासाऊंड आणतात, छातीत पाणी आहे की नाही ते दोन मिनिटांत पडद्यावर दिसतं, मग मी बोटाने ठोकायला का शिकू असं बॅचमध्ये बरेच जण विचारतात. मला वाटतं शिकावं, कारण मशीन कुठे लावायचं हे बोट सांगतं, आणि त्या निमित्ताने आपण रुग्णाच्या अंगाजवळ जातो, त्याचा श्वास बघतो. श्वासाचा वेग हा तर सगळ्यात दुर्लक्षित आकडा आहे. बीपी, पल्स, ऑक्सिजन मशीन सांगतं, श्वास मात्र बहुतेक वॉर्डांत अजून माणसालाच मोजावा लागतो, पूर्ण एक मिनिट. मोठ्या माणसाचा १२ ते २० असतो, आणि तो वाढायला लागला तर बऱ्याचदा बाकीचे आकडे बिघडण्याआधी वाढतो. घाईत चार्टवर १६ नाहीतर १८ लिहून टाकलं जातं. विद्यार्थ्याकडे ते एक मिनिट असतं. मी मोजते, आणि रुग्णाला कळू न देता मोजते, पल्स बघतेय असं भासवून, कारण कोणी श्वास मोजतंय कळलं की श्वास बदलतो.

परीक्षांबद्दल मनात एक खंत आहे ती लिहून टाकते. ओस्की, म्हणजे ठरावीक मिनिटांच्या एकेका स्टेशनवर फिरत द्यायची प्रात्यक्षिक परीक्षा, ही पद्धत १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या डंडीमध्ये रॉनल्ड हार्डन यांनी मांडली, आणि आधीच्या पद्धतीपेक्षा ती न्याय्य आहे यात शंका नाही, एकाला सोपा रुग्ण आणि दुसऱ्याला अवघड असं होत नाही, सगळ्यांना तीच स्टेशनं आणि तीच गुणपत्रिका. परदेशी मुलांना तर हिचा आधार वाटतो, कारण कोण आवडतं कोण नाही याला जागा कमी. पण ठरलेल्या मिनिटांनी बेल वाजते आणि पुढे सरकायचं असतं, आणि ती बेल अंगात भिनते. गुणपत्रिकेत सहानुभूती दाखवली याला एक गुण असतो, म्हणून मुलं एक वाक्य पाठ करून जातात आणि स्टेशनमध्ये शिरल्यावर म्हणतात, तुम्हाला हे खूप कठीण जात असेल. तेच वाक्य मग खऱ्या रुग्णासमोर त्याच सुरात ऐकू येतं तेव्हा मला वाईट वाटतं. शिकवणाऱ्यांनी आम्हाला वॉर्डात निदान एक तरी रुग्ण असा द्यावा ज्याच्यापाशी वेळ लावलेला नसेल आणि गुण नसतील, आणि नंतर एवढंच विचारावं की या माणसाबद्दल तुला असं काय कळलं जे फाईलमध्ये नाही.

पुढच्या आठवड्यापासून माझं पीडियाट्रिक्स सुरू होतंय. तिथे हिस्टरी द्यायला रुग्ण नसतो, त्याची आई असते, आणि ती बहुतेक रात्रभर जागीच असते, म्हणजे खुर्ची तिच्यासाठी आधी आणायची आणि आपल्यासाठी नंतर. आकडे सगळे नव्याने पाठ करतेय, नवजात बाळाचा श्वास मिनिटाला ३० ते ६० असतो, वर्षाच्या पुढे तो कमी कमी होत जातो, पल्सचंही तसंच, आणि औषध वजनावर. तिथल्या एका सीनियरने सांगितलंय की श्वास सगळ्यात आधी मोज, बाळ आईच्या मांडीवर शांत असताना, पोटाकडे बघून मोज कारण बाळं पोटाने श्वास घेतात, स्टेथो नंतर, कानात आणि घशात बघणं अगदी शेवटी, कारण एकदा रडायला लागलं की त्यातला कुठलाच आकडा खरा राहत नाही.